फायर ब्रिगेडचे साहेब निवृत्त होताहेत, मानपत्रात काय लिहावं?

ग्रंथपाल_ताई

नमस्कार मंडळी,

आमच्या नगरपालिकेचे अग्निशमन अधिकारी येत्या महिनाअखेरीला निवृत्त होताहेत. गावातल्या लोकांनी मिळून त्यांचा नागरी सत्कार करायचं ठरवलंय. समिती झाली, अध्यक्ष ठरले, हॉल कोणता यावर भांडण झालं आणि मानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की मी पालिकेच्या वाचनालयात नोकरीला आहे आणि "मॅडमचं मराठी चांगलं आहे".

मानपत्रं मी बरीच लिहिली आहेत. मुख्याध्यापक, डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, एक कीर्तनकार. साचा ठरलेला असतो. सुरुवातीला सुभाषित, मग "सामान्य कुटुंबात जन्म घेऊन", मग गुणांची रांग, शेवटी दीर्घायुष्य चिंतून समितीच्या सह्या. त्याच साच्यात हेही बसवलं. "ज्वाळांशी झुंज देत आपण असंख्य प्राण वाचविलेत, आपले जीवन म्हणजे त्यागाचे धगधगते अग्निकुंड" वगैरे. आमच्या शिपाईमामांनी ते वाचलं. त्यांच्या भावाच्या दुकानाला मागे आग लागली होती, तेव्हा हेच साहेब आले होते. मामा म्हणाले, "छान आहे मॅडम. पण साहेबांचं वाटत नाही. आणि आग विझवणाऱ्या माणसाला अग्निकुंड कशाला म्हणायचं?"

तेव्हापासून अडले आहे.

साहेबांचा मला स्वतःला आलेला अनुभव एकच. काही वर्षांपूर्वी ते वाचनालयाची पाहणी करायला आले. जिन्याखाली मीटरच्या पेटीला टेकून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले होते. ते बघून म्हणाले, "हे इथून हलवा." पुस्तकं चोरीला जातात म्हणून मागच्या दाराला कायम कुलूप असायचं. म्हणाले, "आत माणसं बसलेली असतील तेवढा वेळ हे कुलूप नको." बस, एवढंच. पुढच्या महिन्यात गृहस्थ पुन्हा हजर. सोबत कुणी नाही, सायकल बाहेर लावलेली. कुणाशी न बोलता सरळ मागच्या दाराशी गेले, ढकलून बघितलं, जिन्याखाली वाकून बघितलं, मान हलवली आणि गेले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. आमच्याकडे आग कधी लागली नाही. मग मानपत्रात लिहू काय? "आपण आलात आणि काही झालं नाही"?

त्यांनाच विचारलं तर म्हणतात, "काही लिहू नका, ड्यूटी केली."

समितीत आणखी दोन गोष्टी अडल्यात. काही जणांना वर्गणी काढून सोन्याची अंगठी द्यायची आहे. सरकारी माणसाला ती चालते का? आणि एकांचं म्हणणं, राष्ट्रपती पदकासाठी आपणच दिल्लीला अर्ज करू. जाणकारांनी सांगावं. फायर ब्रिगेडमध्ये नोकरी केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं होईल.

उत्साही_कार्यकर्ता

एक नंबर विषय ताई! बंब फुलांनी सजवा, साहेबांना वर उभं करा, चौकातून मिरवणूक. शिडीवरून पुष्पवृष्टी, सायरन सतत चालू. ड्रोन शूटिंग माझ्याकडे लागलं. मानपत्र कोण ऐकतंय, लोक व्हिडिओ बघतात.

जुना_पंपऑपरेटर

ताई, नमस्कार. मी चालक-यंत्रचालक म्हणून निवृत्त झालो, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पालिकेतून. म्हणजे बंब चालवायचा आणि जागेवर पोचलं की पंप सांभाळायचा. तुमचे साहेब माझ्या ओळखीचे नाहीत, पण गठ्ठे हलवायला सांगून पुन्हा बघायला येणारी जात मला माहीत आहे. आमचे साहेब त्यातलेच.

आधी मिरवणुकीचं. दादा, राग मानू नका, पण छोट्या पालिकेत गाड्या असतात किती? एक मोठी, एक छोटी, आणि त्यातली एक बहुतेक वेळा दुरुस्तीला. मोठी गाडी फुलं लावून गर्दीत उभी केली आणि तेवढ्यात वर्दी, म्हणजे मदतीचा फोन, आली तर फुलं काढत बसणार का? सायरन तर मुळीच वाजवू नका. तो ऐकला की लोक रस्ता देतात, ही सवय लागायला वर्षं जातात आणि मोडायला एक वरात पुरते.

आता मानपत्राचं. मुख्याधिकाऱ्यांना विचारा आणि स्टेशनवर जाऊन वर्दीची नोंदवही मागा. काही ठिकाणी तिला ऑकरन्स बुक म्हणतात. फोन किती वाजता आला, कुणी केला, गाडी कधी बाहेर पडली, जागेवर कधी पोचली, काय जळत होतं, होज म्हणजे पाण्याचे पाइप किती लावले, कोण कोण होतं, परत कधी आलो, सगळं त्यात असतं. भाषा एकदम कोरडी. "गुरांचा गोठा, कडबा जळाला, दोन जनावरे सोडविली, जीवितहानी नाही." एवढ्या ओळीच्या मागे अख्खी रात्र असते. अशा चारपाच ओळी काढा आणि त्या वर्दीवर जे फायरमन होते त्यांना एकेकट्याला गाठून विचारा, त्या दिवशी काय झालं होतं म्हणून. साहेब बोलणार नाहीत. पोरं बोलतील.

तुमचा भाग कापसाचा आहे का, ठाऊक नाही. आमचा होता. जिनिंगची, म्हणजे कापसाच्या गाठी बांधतात त्या कारखान्याची आग, ही आमच्या साहेबांची खरी परीक्षा. नवख्याला वाटतं, ज्वाळा खाली बसल्या, झालं. पण गाठ दाबून बांधलेली असते. पाणी वरच्या वर ओघळून जातं आणि आत विस्तव तसाच राहतो. दोन दिवसांनी तीच गाठ पुन्हा पेटते आणि शेजारच्या गंजीला घेऊन बसते. म्हणून एकेक गाठ बाजूला ओढायची, पट्ट्या तोडायच्या, उकलायची, भिजवायची. अतिशय कंटाळवाणं काम. पेपरवाले पहिल्या दिवशीच फोटो काढून गेलेले असतात. मालकही म्हणतो, विझली आता, जा तुम्ही. आमचे साहेब शेवटची गाठ उकलेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. प्रत्येक गाठीला हाताची पाठ लावून बघायचे.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा दिन. हे सत्काराच्या भाषणात कुणी ना कुणी सांगणारच, तेव्हा मानपत्रात पुन्हा नको. पण भाषणात एक गोष्ट कधीच येत नाही. त्या जहाजावर दारूगोळा होता तशा कापसाच्या गाठीही होत्या. आग दुपारीच लक्षात आली होती, पाणी मारणं चालू होतं आणि तरीही चारनंतर स्फोट झाला. वरून पाणी ओतलं म्हणजे आतलं विझलं असं नसतं, हे आमच्या साहेबांनी आम्हाला त्या जहाजाच्या गोष्टीवरून शिकवलं होतं. जिनिंगच्या आवारात, रात्री, गाठी उकलता उकलता.

आणखी एक. लोकांना वाटतं, साहेब म्हणजे सगळ्यांच्या पुढे पाइप धरून उभा. पाइप फायरमन धरतो. साहेब मागे उभे राहून छताकडे बघतात, धुराचा रंग बघतात आणि आमच्याकडे बघतात. आत किती गेले, किती वेळ झाला, कुणाच्या बीए सेटमध्ये हवा किती उरली असेल. पाठीवर हवेची टाकी असते ना, तोच बीए सेट. "बाहेर या" हे सांगायचं काम त्यांचं. मालक माल वाचवा म्हणून रडत असतो, पब्लिक शिव्या देत असते, आणि आत माणूस नाही याची खात्री झाली की साहेब म्हणतात, निघा, आता बाहेरून मारा. चारचौघांत घाबरट म्हणवून घेतात, पण पोरं घरी जातात. आणि कधी कधी साहेबालाच पुढे जावं लागतं. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, तेव्हा मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर स्वतः जागेवर होते. त्यांच्यासह चार अधिकारी त्या आगीपायी आम्ही गमावले. त्यानंतर कितीतरी दिवस आमचे साहेब वर्दीवरून परत आल्यावर हजेरी घ्यायचे, गाडीत बसलेल्या चारच माणसांची.

राहिला तुमचा प्रश्न, काही झालंच नाही त्याचं काय लिहू. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरतो. खाली हवा खराब असते, तो बेशुद्ध पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलेलं. आमचे साहेब मार्च लागला की गावोगाव जाऊन सरपंचांना सांगायचे, पहिला पडला तर दुसऱ्याला उतरू देऊ नका, १०१ ला फोन करा आणि आम्ही येईपर्यंत दोर धरून वर थांबा. हे ऐकून जो कुणी उतरला नसेल त्याची नोंद कुठल्या वहीत असणार? तुमचे गठ्ठे आणि कुलूप म्हणजे तेच काम आहे. मानपत्राची सुरुवात तिथूनच करा. सुभाषित राहू द्या.

रोखठोक

मला यातलं काहीच पटत नाही. पगार घेतला, काम केलं, सत्कार कशाचा? त्यापेक्षा ती खुर्ची पहिल्या तारखेपासून कोण सांभाळणार ते विचारा. आमच्याकडे अधिकारी निवृत्त झाले आणि चार्ज पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे गेला. चांगला माणूस आहे, त्याला पाण्याचं कळतं, आगीचं कळत नाही. फायरमन निम्मे ठेकेदाराचे. तुमच्या कार्यक्रमाला आमदार येणारच असतील. मानपत्रात हेच दोन ओळींत लिहा आणि त्यांच्या देखत वाचा.

जुना_पंपऑपरेटर

रोखठोकजी, सत्कार नको हे सोडलं तर बाकी सगळं मान्य. पण ते मानपत्रात नको, अध्यक्षांच्या भाषणात घाला. मानपत्र साहेब घरी नेणार. भिंतीवर रिक्त पदांचा गोषवारा कोण लावेल?

आस्थापना_टेबल

अंगठी नको.

सविस्तर सांगतो. वर्तणूक नियम सगळ्यांना असतात. केंद्राचे १९६४ चे आहेत, राज्याचे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे, आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही त्याच वळणाचे नियम लागू असतात. भेटवस्तूच्या किमतीला मर्यादा असते. निवृत्तीनिमित्त सहकाऱ्यांनी केलेला घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ चालतो. पण सेवेत असताना जाहीर सत्कार किंवा मानपत्र स्वीकारायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. तेव्हा शेवटच्या दिवशी स्टेशनवर साधा निरोप करा आणि नागरी सत्कार पुढच्या महिन्यात घ्या. मुख्याधिकाऱ्यांना पत्र मात्र आत्ताच द्या, म्हणजे नंतर कुणी फाटे फोडत नाही.

वर्गणीबद्दल. फायरमन, ड्रायव्हर यांच्याकडून एक पैसा घेऊ नका. खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून वरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी वर्गणी काढायला केंद्राच्या नियमांत सरळ मनाई आहे. नियम नसता तरी शोभत नाही.

पदकाबद्दल. अग्निशमन सेवेची राष्ट्रपती पदकं प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी जाहीर होतात. शौर्यासाठी वेगळी, सेवेसाठी वेगळी. शिफारस खात्यातून राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. नागरिकांनी परस्पर अर्ज करून उपयोग नाही.

जाता जाता. वर्दीची वही बघणार आहात तर नोटिसांची फाइलही बघा. आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजनांचा २००६ चा राज्याचा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकाने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असं दोनदा द्यायचं असतं. जे देत नाहीत त्यांना नोटीस काढायची ती साहेबांनी. मंगल कार्यालय, हॉस्पिटल, कोचिंग क्लास, कुणाकुणाचे फोन येत असतील कल्पना करा. तुमच्या सत्कार समितीतही एखाद्या सदस्याला नोटीस गेलेली सापडेल. सापडली तर गप्प बसा, पण फाइलची जाडी मानपत्रात येऊ द्या.

फायरमनची_लेक

ताई, माझे बाबा लीडिंग फायरमन होते, म्हणून लिहिते.

अशा कार्यक्रमात "पत्नीची मोलाची साथ" असं एक वाक्य असतं. बाईंना स्टेजवर बोलावून साडी देतात, फोटो होतो. ते वाक्य घालणार असाल तर त्यांच्याशी आधी जाऊन बोला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या वर्दी असतात, त्यामुळे बाबा त्या रात्री घरी असल्याचं मला आठवत नाही. आमची दिवाळी भाऊबीज उलटल्यावर. आईला वाट बघण्याचं काही वाटायचं नाही, तिला त्रास व्हायचा तो लोकांनी "आता कुठे असतील हो?" विचारल्याचा. हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

दुसरं, अंगठीऐवजी काय द्यायचं ते. बाबा आले की कपडे आई आमच्या कपड्यांत कधी मिसळायची नाही, वेगळ्या बादलीत. नुसती वासाची किळस असेल असं मला वाटायचं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनच्या कामाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पक्का आहे. घरातलं प्लास्टिक, फोम, रंग, वायरी जळतात तो धूर वर्षानुवर्षं अंगावर बसतो. तेव्हा वर्गणी जमणारच असेल तर एखाद्या चांगल्या डॉक्टरांशी बोलून साहेबांची आणि आत्ता ड्यूटीवर असलेल्या सगळ्या मुलांची तपासणी करा, आणि ती दरवर्षी होईल असं बघा. एका माणसाच्या बोटात अंगठी घालण्यापेक्षा ते साहेबांना जास्त आवडेल असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

ग्रंथपाल_ताई

सगळ्यांचे आभार. समितीत अंगठी रद्द झाली, तपासणी मान्य झाली. मिरवणुकीवाले दादा रुसले आहेत, त्यांना ध्वनिक्षेपकाची जबाबदारी दिली. नोटिसांची फाइल बघितली. आस्थापनावाले काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, मी गप्प आहे.

परवानगी काढून स्टेशनवर बसून वह्या वाचल्या. आगीपेक्षा इतरच वर्दी जास्त निघाल्या. झाड पडलं, नाल्यात गाय अडकली, मांज्यात घार अडकली, लहान मुलाने आतून कडी लावून घेतली. फायरमन मुलं आधी नुसती हसत होती, मग एकेक बोलायला लागली. एकाने सांगितलं, नवीन मुलगा भरती झाला की साहेब त्याला पहिल्या दिवशी पाइप धरायला देत नाहीत. गाडीतली प्रत्येक वस्तू डोळे मिटून हाताला लागली पाहिजे, त्याची तालीम. धुरात डोळे असून नसल्यासारखेच.

मसुदा पुन्हा लिहिलाय, मधला भाग टाकते:

"आमच्या वाचनालयाच्या जिन्याखालचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आपण हलवायला लावलेत आणि ते हलले की नाही हे बघायला पुन्हा आलात. गावात असे किती जिने, किती गठ्ठे, किती कुलपे आपण बघितलीत याची मोजदाद नाही, कारण तिथे पुढे काही घडले नाही. ज्याची नोंद आहे तेही थोडके नाही. आठवडी बाजारात हातगाडीवरच्या सिलिंडरने पेट घेतला, तेव्हा लोक वाळू आणि पोती घेऊन धावले. आपण त्यांना मागे सारलेत आणि सिलिंडरची आग विझवून बाजार वाचवलात. मळ्यातल्या विहिरीत एक जण बेशुद्ध पडला, दोघे भाऊ दोर बांधून उतरायच्या तयारीत होते. आपल्या माणसांनी त्यांना धरून ठेवले, शिव्या खाल्ल्या, आणि बीए सेट लावलेला आपला फायरमन खाली गेला. त्या घरात त्या दिवशी एक मृत्यू झाला, तीन झाले नाहीत."

पुढे त्या-त्या वर्दीवरच्या फायरमन आणि ड्रायव्हरची नावं घातली आहेत.

आता अडचण सांगते. वहीत एक नोंद आहे, बरीच जुनी. "गाडी गल्लीत जाऊ शकली नाही. होज जोडत नेले. एक महिला मयत." नंतर साहेबांनी काय केलं, तर टेप घेऊन जुन्या गावातली प्रत्येक गल्ली मोजली. रुंदी किती, वीजतारा किती खाली, ओटे कुठे पुढे आलेत, कुठल्या गल्लीला मोठी गाडी नेऊच नये. त्याचा हाताने काढलेला तक्ता आजही वॉचरूममध्ये फोनच्या वर लावलाय, आणि फोन घेणारा आधी तक्ता बघून गाडी ठरवतो. मला त्यांच्या सगळ्या नोकरीतलं हे सगळ्यात मोठं काम वाटतं. पण हे लिहायचं तर ती बाई लिहावी लागते. त्यांच्या घरचे लोक कार्यक्रमाला येणार आहेत. काय करू?

रोखठोक

लिहा. तक्ता आभाळातून पडला नाही.

फायरमनची_लेक

त्या घरच्यांना विचारल्याशिवाय नका लिहू.

जुना_पंपऑपरेटर

ताई, मसुदा चांगला आहे. तुमच्या जागी मी असतो तर तक्त्याचं सगळं लिहिलं असतं, टेप, ओटे, तारा, फोनच्या वर लावलाय ते सुद्धा. आणि सुरुवात "एका गल्लीत गाडी जाऊ शकली नाही, त्यानंतर" एवढीच केली असती. ज्यांना माहीत आहे त्यांना तेवढं पुरतं. मयत हा शब्द वहीत असू द्या, स्टेजवरून माइकवर नको. तरी लेकीचं बरोबर आहे, वाचायच्या आधी त्या घरी जाऊन या आणि कागद दाखवा. त्यांनी काढा म्हटलं तर काढा. आणि साहेबांनाही दाखवा. ते बाकी सगळं खोडायला सांगतील, ते ऐकू नका. या एका गोष्टीवर ते म्हणतील तसं करा.

एक दुरुस्ती आहे. "सिलिंडरची आग विझवून" हे काढा. फायर ब्रिगेडचा माणूस वाचेल तर हसेल. रेग्युलेटरपाशी जळत असलेला सिलिंडर नुसता विझवला तर गॅस सुटतच राहतो, जमिनीलगत पसरतो आणि लांबच्या ठिणगीने सगळं एकदम पेटतं. म्हणून ज्योत असू द्यायची, लांबून पाण्याचा फवारा मारून सिलिंडर गार ठेवायचा, गर्दी हटवायची आणि हात पोचेल अशी स्थिती झाली की व्हॉल्व्ह बंद करायचा. व्हॉल्व्ह बंद झाला की ज्योत आपोआप जाते. त्या दिवशी ज्याने व्हॉल्व्ह बंद केला त्याचं नाव वहीत असेल, ते घाला. साहेबांनी त्याला कधी पुढे सोडलं, तोवर किती वेळ थोपवून धरलं, ते त्यालाच विचारा. तीच साहेबांची कामगिरी.

आणि कार्यक्रमाची वेळ पाळी बदलते त्याच्या आसपासची धरा. ड्यूटी संपवून येणारे थेट येतील, आणि ज्यांची ड्यूटी सुरू झाली असेल त्यांना काही येता येणार नाही. त्यांच्यासाठी मानपत्राची एक साधी झेरॉक्स स्टेशनच्या नोटीस बोर्डवर लावा.

ग्रंथपाल_ताई

सिलिंडरचं वाक्य बदललं. व्हॉल्व्ह बंद करणारा फायरमन आता दुसऱ्या पालिकेत आहे, त्याचा नंबर मिळालाय, संध्याकाळी फोन करते. त्या घरी उद्या सकाळी जातेय, साहेबांच्या मिसेसना भेटायलाही. मुख्याधिकाऱ्यांचा होकार लेखी आला. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार ठरलाय. नोटीस बोर्डच्या काचेची किल्ली मात्र कुणाकडेच नाही म्हणे, तेवढी शोधतेय.